इंगोले सरांचा पट

आमच्या सोसायटीत दूधवाल्याला नुसतं दूध देऊन जाता येत नाही. आधी "हजर" म्हणावं लागतं.

सकाळी साडेसहाला इंगोले सर खाली उतरतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, हातात परीक्षेला नेतात तसलं पॅड आणि त्याला अडकवलेला आखीव कागद. मग दूधवाला, पेपरवाला, झाडूवाली शांताबाई, गाड्या पुसणारा, भांडीवाल्या बायका अशी एकेकाची हजेरी होते. नाव पुकारलं की समोरच्याने "हजर" म्हणायचं. "अहो सर, समोर तर उभी आहे," असं शांताबाई पहिल्या दिवशी म्हणाली, तर सर म्हणाले, "उभं राहणं वेगळं जी, हजर असणं वेगळं." शांताबाईला यातलं काही कळलं नाही, मलाही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती मुकाट्याने "हजर" म्हणायला लागली.

मी या सोसायटीची अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. यात माझी कर्तबगारी काही नाही. हे लचांड गळ्यात घ्यायला दुसरं कुणी तयार नाही, एवढंच. पुण्याच्या वारज्यात हायवेला लागून आमच्या तीन इमारती आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक माणसाची दुसऱ्या प्रत्येकाबद्दल तक्रार आहे. त्या सगळ्या माझ्याकडे येतात. आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सांभाळल्यामुळे मला तक्रारींची भीती वाटत नाही, कंटाळा मात्र येतो. इंगोले सर मुलाकडे राहायला आले आणि महिन्याभरात त्यांच्या नावाची वेगळी फाइल करावी लागली.

पहिली तक्रार तीनशे दोनच्या देशपांड्यांची. सकाळी फिरायला निघताना सरांनी त्यांचंही नाव पुकारलं. देशपांडे म्हणाले, मी काय तुमचा विद्यार्थी आहे का? सरांनी वाद घातला नाही. कागदावर त्यांच्या नावापुढे "अनियमित" असा शेरा मारला. देशपांड्यांना उभ्या जन्मात कुणी अनियमित म्हटलं नव्हतं. त्यांनी मला दोन पानी पत्र लिहिलं आणि त्याची प्रत स्वतःलाच ठेवली.

पण हजेरी परवडली. खरा त्रास गैरहजरांना. जो सकाळी दिसला नाही, त्याच्या घरी सर त्याच दिवशी संध्याकाळी जाणार म्हणजे जाणार. पेपरवाला दोन दिवस आला नाही, तर हे बस पकडून, पत्ता विचारत विचारत त्याच्या दारात उभे. तो मेव्हण्याच्या लग्नाला निघालेला, अंगात नवा सदरा. "मग कळवायचं नाही का, बाप्पा?" म्हणाले आणि वराकडचा चहा पिऊन परत आले. एकदा माझा गुडघा धरला आणि मी तीन दिवस खाली उतरले नाही. पहिल्याच संध्याकाळी बेल. दारात सर. "आज गैरहजर. काहून?" मी म्हटलं, गुडघा. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, घरात गॅसवर काही शिजतंय ना तेही पाहून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज द्या." मीही इरसाल. फुलस्केप कागदावर "माझ्या उजव्या गुडघ्याने असहकार पुकारल्यामुळे" असा रीतसर अर्ज लिहून पाठवला. संध्याकाळी तो "मंजूर" असा शेरा मारून परत आला. खाली लफ्फेदार सही आणि कंसात मुख्याध्यापक.

ते खरंच मुख्याध्यापक होते. मूळचे अमरावतीकडचे. तिकडे नोकरी मिळेना म्हणून चोविसाव्या वर्षी पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात, धरणाच्याही पलीकडे, एका हायस्कुलात चिकटले आणि तिथंच केस पांढरे करून घेतले. शाळा म्हणजे पाच खोल्या. चहूबाजूंनी डोंगर. मुलं यायची ती कुठल्या कुठल्या वाड्या-वस्त्यांवरून, दोन-दोन तास चालत. ती येवोत न येवोत, शाळा चालू राहायची तर पट भरलेला हवा. पट म्हणजे शाळेत नाव घातलेल्या मुलांचा आकडा. तो एका हद्दीखाली गेला की शाळा बंद. त्यामुळे सर आणि त्यांचे दोन शिक्षक दर जूनमध्ये वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे आणि मुलं गोळा करून आणायचे. कुणी गुरांमागे, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन, कुणी लग्न ठरलं म्हणून घरात. सर दारात बसून राहायचे. पोर पाठवतो म्हटल्याशिवाय उठायचेच नाहीत. हे सगळं त्यांनीच मला जिन्यात, लिफ्टची वाट बघताना, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलेलं. "पट मोडता कामा नये," हे त्यांचं पालुपद. सोसायटीत कुणी वारलं तरी "पट एकाने कमी झाला" असंच म्हणायचे. कानाला बरं वाटायचं नाही, पण स्मशानात पहिला माणूस तेच असायचे.

त्यांच्या या खोडीचा फायदा मी एकदाच करून घेतला. आमच्या वार्षिक सभेला कधीही गणसंख्या भरत नाही. पुण्यात सोसायटीच्या सभेला येणं कमीपणाचं समजतात आणि न येता तिच्यात झालेल्या ठरावांवर बोलणं हक्काचं. त्या वर्षी मी सरांना सहज म्हटलं, पट भरत नाही हो. बस्स. माणूस जिना चढत सुटला. दारोदार बेल, आणि एकच वाक्य: "सभा आहे, पाच मिनिटांत खाली." दुसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला फेस, तसे खाली आले. एक बाई कणकेच्या हाताने आल्या. देशपांडेसुद्धा आले. माझ्या कारकिर्दीत पहिल्यांदा गणसंख्या भरली आणि त्यामुळे सभा चार तास चालली. मी पुन्हा ती चूक केली नाही.

आता ज्याच्यासाठी हे सांगायला बसले, तिकडे येते.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला आमचा वॉचमन सोडून गेला. दुसऱ्याच दिवशी सर माझ्याकडे आले. म्हणाले, एक माणूस आहे, बबन ढेबे, डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा. शिवणे गावाच्या बाजूला एका बांधकामावर विटा वाहतो, बायको गेली, पदरात मुलगी आहे. त्याला ठेवून घ्या. पंपाच्या मागची खोली रिकामीच आहे, ती द्या. मी म्हटलं, तुमच्या ओळखीचा आहे तर प्रश्नच मिटला. तर सर म्हणाले, "माझं नाव त्याला सांगू नका."

मला वाटलं, उपकाराचा गाजावाजा नको असेल. ठेवला मी ढेब्यांना. काळासावळा, उंच, अबोल माणूस. बरोबर आरती नावाची तेरा वर्षांची मुलगी. पहिल्या दिवशी सकाळी सर पॅड घेऊन खाली आले आणि गेटवर दोघांची गाठ पडली. ढेब्यांनी टोपी काढली. सर दोन क्षण उभे राहिले, मग वळले आणि लिफ्ट सोडून चार मजले जिन्याने वर गेले. त्या दिवशी हजेरी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गेटवरून उठून आत लिफ्टपाशी होऊ लागली. लोकांना वाटलं, थंडीमुळे. शांताबाईपासून देशपांड्यांपर्यंत सगळ्यांची नावं पुकारली जायची. ढेब्यांचं नाव त्या कागदावर कधीच चढलं नाही. आठ महिने एका आवारात राहून सर त्या माणसाशी एक अक्षर बोलले नाहीत. मला राग आला होता. स्वतः आणायचं आणि मग ओळख द्यायची नाही, ही कुठली रीत? मनात म्हटलं, असेल काही जुनी खुन्नस, आपल्याला काय.

जूनमध्ये एका दुपारी सर माझ्या घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसले, चहा नको म्हणाले. आरती तीन घरची भांडी घासते, त्यांनी सांगितलं, जसं काही मला माहीत नव्हतं. सातवी झालेली आहे. आठवीला हायवेपलीकडच्या महापालिकेच्या शाळेत जागा आहे, त्यांनी चौकशी केली आहे, शनिवारपर्यंत नाव घालता येईल. बापाला कुणीतरी सांगायला हवं. तुम्ही सांगा.

मी फटकन म्हटलं, मी का? अख्ख्या सोसायटीला घराघरातून ओढून खाली आणता, एका वॉचमनला सांगायला तुम्हाला काय झालं?

सर हातातल्या रुमालाच्या घड्या घालत बसले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

ढेब्यांची थोरली मुलगी होती, सविता. सरांच्या शाळेत नववीला. धनगरवाडा आणि शाळा यांच्यामध्ये एक ओढा. सात वर्षांपूर्वी जुलैत धो धो पाऊस लागला होता. आठ दिवस मुलं शाळेत फिरकली नव्हती. आणि निरोप आला की उद्या शाळा तपासायला साहेब येणार, पट मोजणार. पट आधीच काठावर. सर संध्याकाळी वाड्या-वस्त्यांवर फिरले. धनगरवाड्यावर बाकीच्या घरांनी सरळ नाही म्हटलं. ढेबेही म्हणत होते, पाणी उतरू द्या, मग पाठवतो. सर दारात बसून राहिले. एक दिवस पाठवा, उद्याचा एकच दिवस, म्हणाले. ढेब्यांनी मास्तरांच्या शब्दाखातर पाठवली. शाळेतून घरी जाताना पोर ओढ्यात वाहून गेली. साहेब आलेच नव्हते. घाटात दरड पडली होती.

"आणि मग मार्चपर्यंत मी तिची हजेरी मांडली," सर म्हणाले. "रोज. नाव यायचं आणि रेघ मारायला हात वळायचा नाही जी."

ते पुढे चौकशीत निघालं. मेलेल्या मुलीला हजर दाखवून पट फुगवला, असा ठपका आला. सरांनी बचावात काही लिहून दिलं नाही. त्या एका नावानेच पट काठावर टिकला होता, हेही खरं. नाव गेलं, शाळा बंद झाली. पोरं पांगली. काही गुरांमागे, काही हॉटेलांत, काही आमच्यासारख्यांच्या गेटवर.

"माझं तोंड नाही त्याच्यासमोर उभं राहायचं," ते म्हणाले. "पण ही दुसरी पोर बिनशाळेची राहिली तर तेही माझ्याच नावावर." मी म्हटलं, जाते मी.

गेले. पंपामागच्या खोलीत ढेब्यांनी मला सोसायटीनेच टाकून दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी शिक्षणाच्या हक्काचा कायदा सांगितला, फुकट पुस्तकं सांगितली, इथे ओढा नाही तेही सांगून टाकलं. ढेब्यांनी हायवेच्या दिशेने बोट केलं. तिथल्या गाड्यांच्या आवाजात आम्हाला एकमेकांचं बोलणंही धड ऐकू येत नव्हतं.

"त्यो काय मग, बाई? यकदा पाठिवली मी. बास झालं." मग म्हणाले, "मास्तर का बोलत न्हाईत माज्याशी? मला बगितलं की जिना चढत्यात. मला त्येस्नी येक इचारायचंय. सात वर्सं झाली."

काय विचारायचंय ते मला सांगेनात. मास्तरांनाच विचारीन म्हणाले.

मी हे जसंच्या तसं सरांना सांगितलं. त्यानंतर चार दिवस सर खाली उतरले नाहीत. हजेरी बंद. शांताबाई मला विचारून गेली, सरांना बरं नाही का. शनिवार उजाडला, नाव घालायचा शेवटचा दिवस. सकाळी नऊला मी वर गेले आणि बेल दाबली. सरांच्या मुलाने दार उघडलं, बाबा झोपलेत म्हणाला. सर आतल्या खोलीत इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, चला. तुम्ही त्याच्या दारात एकदा बसला होतात ना, आता दुसऱ्यांदा बसा. बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली. पण ते उठले.

ढेब्यांनी त्यांना खाटेवर बसवलं. आरती कोपऱ्यात मेथी निवडत होती. मी दारातच थांबले, म्हटलं मध्येच सर पळाले तर अडवायला कुणी हवं.

ढेबे म्हणाले, "मास्तर, पोलिसांनी वढ्याचं इचारलं. सायबांनी हजेरीचं इचारलं. त्या दिशी शाळंत तिनं काय केलं, ते मला कुनीच सांगितलं न्हाई. घरातनं ग्येली येवढंच मला ठावं. तिचा त्यो दिस कसा ग्येला?"

मला वाटलं, आता सर उठून पळतात. पण ते बोलायला लागले. तास-तास करून सांगत गेले. ती आली तेव्हा नखशिखांत भिजलेली होती. शिपायाने चूल पेटवली, तिच्यापाशी बसून तिने ओढणी वाळवली. सगळ्या नववीत मिळून चारच पोरं. पहिला तास मराठीचा. दुसरा गणिताचा, अवयव पाडायचे होते, तिने फळ्यावर येऊन पाडले, एक चिन्ह चुकलं ते जागेवर जाताना स्वतःच ओळखून परत आली आणि दुरुस्त केलं. तिसऱ्या तासाला सरांच्या टेबलावर छत गळायला लागलं. त्यांनी टेबल सरकवलं तर थेंब थेट त्यांच्या टकलावर. आधी ती हसली, मग वर्ग हसला, मग सरही हसले. नववीला नियमाने खिचडी नसते, पण त्यांच्या शाळेत सगळेच जेवायचे. तिने दोनदा घेतली.

"दोनदा?" ढेबे म्हणाले.

"दोनदा."

ढेब्यांनी मान खाली घातली. आरतीचे हात थांबले होते. मग ढेबे म्हणाले, "म्होरं?"

पुढचं सरांनी मला सांगितलेलं नव्हतं. चौकशीतही सांगितलं नसावं. धनगरवाड्यावरच्या पोरांना रोज संध्याकाळी ते स्वतः ओढ्यापार नेऊन सोडत, दोर धरून. त्या दिवशी वाड्यावरून आलेली ती एकटीच. अडीचला पाऊस वाढला. सर तिला म्हणाले, पाणी चढायच्या आत जा.

"मी फाटकापर्यंत आलो. साहेबांची गाडी येईल, मुख्याध्यापक जागेवर हवा, म्हणून मागे फिरलो. ती एकटी गेली. मी सोडायला गेलो नाही, ढेबे."

नेमका तेव्हाच पंप सुरू झाला. त्या खोलीत पंप चालू असला की काहीही बोलता येत नाही. टाकी भरेपर्यंत दोघं समोरासमोर तसेच बसून राहिले. सर रडत होते. मी तोंडाला पदर लावून दाराबाहेर तोंड केलं होतं. पंप बंद झाला तेव्हा ढेबे उठले, आरतीच्या पुढची मेथी बाजूला केली आणि तिला उभं केलं.

"हिला सोडाया तुमी येनार का?"

सरांनी मान हलवली.

"आनाया?"

"येईन."

"मंग घाला नाव," ढेबे म्हणाले.

साडेअकराला आरतीचं आठवीत नाव लागलं. पालक म्हणून ढेब्यांचा अंगठा आणि संपर्क म्हणून माझा फोन नंबर. सोमवारपासून ती जायला लागली. तिला म्हाताऱ्याचा हात धरून शाळेत जायची लाज वाटते, म्हणून सरांना तिने दहा पावलं मागून यायला सांगितलंय. ते दहा पावलं मागून जातात.

दोन आठवड्यांनी मला शाळेतून फोन आला. कारकून बाई म्हणाल्या, तुमच्याकडचे ते आजोबा सकाळी मुलीला सोडतात आणि मग घरी जात नाहीत. दिवसभर फाटकासमोर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून असतात. शिपाई विचारायला गेला तर उठत नाहीत. कुणी काही म्हणेल, तुम्ही समजावा. मी भर दुपारी हायवेखालच्या बोगद्यातून तिकडे गेले. सर पायरीवर होते, मांडीवर डबा, नजर फाटकाकडे. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. मी त्यांना चांगलं दरडावलं. शाळा साडेपाचला सुटते, आता कुठे साडेबारा वाजलेत. घरी जा, जेवा, जरा आडवे व्हा, पाचला परत या. पोर कुठे पळून जात नाही.

"एकदा मागे फिरलो होतो ना जी," ते म्हणाले.

मी आत जाऊन कारकून बाईंना सांगितलं की ते बसणार आहेत. रोज, शाळा सुटेपर्यंत. एखादी खुर्ची असेल तर द्या.